पोरकिडा

साबण निसटला.
त्यानं उचलला, परत निसटला.
मोरीत बसून भरमा हसत होता
आणि दारात उभे आम्ही दोघंही हसलो.
ते हसू मला अजून गिळवत नाही.

पोरांच्या अंगावरून वारं जातं का कधी?
वडगावातल्या चार गल्ल्या हेच विचारत होत्या.
आठ वर्षांचं पोर.
डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडाला धरला,
बोटाच्या पेराएवढी सावली दाखवली.
मी मागावरचा माणूस. वाटलं,
ताण्यातला एक धागा तुटलाय, सांधू.
पण तुटलेलं टोक आधी बोटांना सापडावं लागतं.

मंगळवार, शुक्रवार.
खानापूर रोडवरच्या औषधदुकानाशेजारचा जिना.
मेटगुड मॅडम त्याचा उजवा हात असा उचलतात
जसा झोपलेला पाहुणा:
उठवायचा तर आहे, दचकवायचा नाही.
आधी ब्रश. मग बर्फ.
मग काथ्या, मखमल, पॉलिश पेपर.
"कण्ण मुच्चु, भरमा.
बिसि? तंपु? गोत्तातेनु?"
तो मान हलवतो. इल्ल.
घरात मराठी, शाळेत मराठी,
पण हाताला काही कळत नाही हे सांगायला
त्याला 'इल्ल' सोपं जातं.

उजवी बाजू, डावी बाजू, कुठली कुणाची,
यावर आमच्या भागात फार बोलून झालंय.
इथं नको.

घरी मालूनं परात मांडली.
अडीच किलो तांदूळ, त्यात पुरलेले
चिंचोके, एक रिकामी बॉबिन, बंद पडलेले चार आणे.
डोळे मिटून शोधायचं.
डावा हात लगेच घेऊन येतो.
उजवा पडून राहतो तांदळात,
ओढ्यात वाहून आलेल्या चपलेसारखा.
हे तांदूळ शिजवायचे नाहीत, असं आमचं ठरलं.
कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तुमचा हातही चालेल,
ओरबाडणारा हवाच आहे.
एरवी रेशमाच्या पदरापासून
मी हे तळवे लांब ठेवतो.
आता रोज रात्री, माग थांबला की,
त्याच्या तळव्यावर माझा तळवा.
अंधारात सुताचा नंबर सांगणारा मी,
त्याच्या हाताचा नंबर लागत नव्हता.

नववा आठवडा. वीज गेलेली,
गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प.
"काहीतरी चालालंय," भरमा म्हणाला.
"कुठं?"
"हातावर. ह्या."
डोळे मिटलेलेच.
मालूनं मेणबत्ती जवळ आणली.

अंगठ्याच्या मुळाशी पोरकिडा.
काळपट, दाण्याहून बारीक,
मनगटाच्या वाटेला लागलेला.
"निवडून घेतले होते मी," मालू म्हणाली,
कुणी विचारलं नसताना.
मग तिनं पदर तोंडावर धरला.
मी कुणाला त्या किड्याला हात लावू दिला नाही.
"आता इथं," भरमा सांगत होता, "आता थांबलाय.
आता परत."
कोपरापर्यंत त्यानं बरोबर सांगितलं.
कोपराच्या वर तो कुठं गेला,
ते त्याला सांगता आलं नाही.
आम्हालाही दिसला नाही.

शुक्रवारी मॅडमनी वहीत एक ओळ लिहिली.
मला त्यातलं एवढंच लागलं: हुळ.
मग बर्फ. "तंपु?"
इल्ल.
मखमल. इल्ल.
पॉलिश पेपर.
जरा थांबला.
इल्ल.

शेजारीण सांगून गेली,
तांदूळ उन्हात घाला, नाहीतर सगळे जातील.
मालू हो म्हणाली.
परात अजून आतच आहे.
मोरीच्या कट्ट्यावर नवा साबण,
त्याचा कागदही काढलेला नाही.